निकानोराने जिवंत भावाचा जप मांडला

अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात कुणी मेलं की पहिला फोन जायचा निकानोरा वेंतुराला, मग शवपेटीवाल्याला. पेटी काय, कुठलीही चालते. पण मेलेल्याच्या घरी नऊ रात्री जपमाळ ओढायची, मधली गाणी सुरात लावायची, अंगणात घुटमळणाऱ्या पुरुषांना बिअर खाली ठेवून आत यायला लावायचं आणि नवव्या रात्री जमिनीवरचा चुन्याचा क्रूस उचलून त्या जिवाला वाटेला लावायचं, हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. ते नीट झालं नाही तर गेलेला माणूस उंबऱ्याशीच अडकून राहतो, असं मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेली यच्चयावत माणसं मानतात. मानत नाही म्हणणाराही स्वतःच्या आईच्या वेळी निकानोरालाच बोलावतो.

बाई साठीला टेकलेली, ठेंगणी, दिवसा सफरचंदांच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यापाशी फळं निवडत उभी. शेडच्या गोऱ्या मुकादमाने एकदा तिला सांगितलं, काम करताना ओठ हलवू नकोस, बाकीच्यांचं लक्ष जातं. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या वडिलांसाठीच म्हणतेय. गेल्या आठवड्यात गेले ना ते?" मुकादमाच्या धर्मात जपमाळ नव्हती, पण त्या दिवसापासून तो तिच्या पट्ट्यापाशी आला की टोपी काढायचा. जपमाळेचा असा उपयोग करणारी ती बाई होती.

त्या हिवाळ्यात म्हातारे माकारियो गेले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. नवव्या रात्रीचा जप आटोपला, बायका स्वयंपाकघरात तमालेची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पुड्यांची, पानं सोडवत बसल्या. त्यात यादिरा होती. यादिरा म्हणजे दवाखान्याची आरोग्यसेविका, दारोदार फिरणारी, तोंडाने फटकळ आणि पायाने त्याहून चपळ.

"दोन्या निका," यादिरा मोठ्या बाईला म्हणतात तसं आदराने, हळूच म्हणाली, "यांना दोन वर्षं रक्त पडत होतं. मी डबी घेऊन किती वेळा आले या दारात. काडीने एवढासा मळ घ्यायचा, डबीत घालायचा, मला द्यायचा. इतकंच. दर वेळी म्हातारा म्हणायचा, मिरचीचं आहे गं पोरी, मिरचीचं."

निकानोराच्या हातातलं पान हातातच राहिलं.

इथे मिरचीवर सगळं ढकलतात. पोटात जळलं, मिरची. डोकं उठलं, मिरची. जावई घर सोडून गेला तरी सासू म्हणेल, तिखट जास्त झालं असेल. मिरची बिचारी बोलत नाही, म्हणून तिच्या माथी काहीही मारता येतं. पण निकानोराला धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. तिचा धाकटा भाऊ लेओबार्दो, बायको गेल्यापासून तिच्याच मागच्या खोलीत राहणारा, आठवड्यापूर्वी संडासातून बाहेर आला होता आणि मागून तिने आत पाहिलं होतं. "काय रे हे?" विचारल्यावर तो म्हणाला होता, "काल ती चटणी खाल्ली ना. मिरचीचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पुढे ठेवून तिने विषय काढला.

"लेओ, यादिराकडून डबी घे."

"कसली डबी?"

"कसली ते तुला चांगलं माहीत आहे."

लेओबार्दो म्हणजे खोऱ्यातला एक नंबरचा छाटणीवाला. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून शीळ घालणारा. त्याने कॉफीत पाव बुडवला. "निका, मिसरूड फुटायच्या आधीपासून शिडीवर आहे मी. आजवर कुणाला पाठ दाखवली नाही. आता या वयात डॉक्टरला दाखवू?"

"पाठ कोण मागतंय? काडीभर मागतायत."

"मग तूच दे माझ्या नावाने. एका आईचीच आहोत की आपण."

"आणि रक्त?"

"मिरचीचं."

त्या रविवारी चर्च सुटल्यावर बाहेर गाड्या लावायच्या जागेत, जिथे बायका पातेली मांडून तमाले विकतात आणि पुरुष टोप्या मागे सारून आठवड्याच्या गप्पा हाणतात, तिथे ती एका ट्रकच्या मागच्या फळीवर चढली. ठेंगणी असल्यामुळे तिला उंचीची गरज लागे.

"ऐका," ती म्हणाली. "आजपासून पंचेचाळिशीच्या पुढच्या ज्या माणसाने यादिराची डबी भरून दिली नाही, त्याच्यासाठी मी जप करणार नाही. एक रात्रही नाही. मेलात तर रेडिओ लावा."

सगळे हसले. लेओबार्दो सगळ्यांत मोठ्याने हसला. "डबीशिवाय स्वर्ग बंद," तो म्हणाला, "सेंट पीटर दारात हातमोजे घालून बसलाय वाटतं."

"हस," निकानोरा म्हणाली. "तुझं नाव पहिलं."

पाद्रीबाबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी तिला आत बोलावून समजावलं, की प्रार्थना ही कुणाची खाजगी मालमत्ता नसते, ती अशी अडवून धरता येत नाही. "खरंय बाबा," ती म्हणाली. "मग यापुढे नऊ रात्री लोकांच्या स्वयंपाकघरात फरशीवर गुडघे टेकून तुम्ही करा." पाद्रीबाबांचा उजवा गुडघा धरलेला होता. त्यांनी विषय बदलून हवेचं काही विचारलं.

पुरुष हसत होते, पण घरोघरच्या बायका हसत नव्हत्या. नवरा मरेल ते एक वेळ सोसवेल, पण जपाविना मरून तो उंबऱ्याशी अडकला, तर जिवंतपणी जसा पायात पायात यायचा तसा मेल्यावरही येणार. ही कल्पना एकीलाही रुचली नाही. महिन्याभरात तमालेच्या पातेल्यांशेजारी यादिराची थंड पेटी मांडली जाऊ लागली. पुरुष इकडेतिकडे बघत यायचे, शर्टाच्या आतून कागदी पिशवी काढायचे आणि विचारायचे, "दोन्या निकाला सांगशील ना मी दिली म्हणून?" दवाखाना उघडतो तेव्हा ही माणसं बागेत असतात आणि बागेतून सुटतात तेव्हा दवाखान्याला कुलूप असतं. हे कुलूप इतकी वर्षं कुणाला उघडता आलं नव्हतं, ते असं रविवारी उघडलं.

राहिला लेओबार्दो. गंमत अशी की शिडीवर बसून इतरांची टर उडवणारा तो, आता तेच त्याची उडवू लागले. खालून कुणीतरी ओरडायचा, "लेओ, सगळ्या खोऱ्याने दिली, तू काय सोन्याची करतोस का रे, बँकेत ठेवायला?" एके दिवशी त्याने पिशवी आणून निकानोराच्या पुढ्यात टेबलावरच आपटली. "घे. आता माझ्या नावाने गप्प बस."

"जेवायच्या टेबलावर नाही ठेवायची, गाढवा," निकानोरा म्हणाली, आणि पाठ वळवून डोळे पुसले.

त्याच्या डबीत रक्त निघालं. आणखी दोघांच्याही निघालं. आता खरी तपासणी दुर्बिणीची. ती खोऱ्यात होत नाही, तासाभरावरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात होते, आणि विमा नसलेल्यांसाठी तिथे मोजक्या जागा. यादिराने फोनवर फोन करून लेओबार्दोला जूनमधली तारीख मिळवून दिली. बाकी दोघं रांगेत.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं असतं. इस्पितळातल्या बाईने इंग्रजीत सांगितलं, फोनवरच्या दुभाष्याने घाईघाईत स्पॅनिशमध्ये सांगितलं, की काही खायचं नाही, प्यायचं ते गाळलेलं, चोथा नसलेलं, पेल्यातून पलीकडचं दिसेल असं. निकानोराने ते जपाच्या शब्दांसारखं पाठ केलं. कोंबडीचं पाणी गाळून दिलं. औषधाची पूड घातलेलं ते पाणी मात्र लेओबार्दोच्या घशाखाली उतरेना. खारट साबणाचं पाणी प्यायल्यासारखं तोंड करायचा.

"वर काहीतरी गोड दे, नाहीतर मी चाललो झोपायला," तो म्हणाला.

मग निकानोराने हामाइका केली. लाल अंबाडीची सुकवलेली बोंडं उकळून केलेलं सरबत, उन्हाळ्यात इथे घरोघर असतंच. बोंडं काढून टाकली, स्वच्छ फडक्यातून गाळलं, पेला खिडकीशी धरला. खिडकीबाहेरचा पिकअप स्पष्ट दिसत होता, लाल रंगाचा, पण स्पष्ट. चोथा नाही, आरपार दिसतंय, झालं. लेओबार्दोने घागर संपवली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्याला मागून उघडा असलेला झगा दिला. तो संडासात जाऊन आला आणि नर्सने आत पाहिलं. मग जी धावपळ उडाली, ती कुणी बागेत शिडीवरून पडल्यावरही उडत नाही. एकीने त्याला आडवं केलं, दुसरीने दंडाला पट्टा गुंडाळला, तिसरी डॉक्टरला बोलवायला पळाली. लेओबार्दो सगळ्यांकडे बघत म्हणाला, "निका, मी मेलो वाटतं."

फोनवरचा दुभाषा मिळेपर्यंत बराच वेळ गेला. काय प्यायलात? फुलांचं सरबत. कुठल्या रंगाचं? लाल. डॉक्टरने मान मागे टाकली. लाल काही प्यायचं नसतं, आतमध्ये रक्त कुठलं आणि रंग कुठला ते कळत नाही, कागदावर लिहिलेलं असतं. कागद इंग्रजीत होता आणि निकानोराने तो कपाटाच्या दाराला नीट चिकटवून ठेवला होता. आज तपासणी होणार नव्हती. पुढची तारीख जानेवारीत.

परतीच्या वाटेवर लेओबार्दोने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "पाठ दाखवायची नाही म्हणत होतो. दाखवली. तर त्यांनाच नको."

निकानोरा हसली नाही. गाडी घरापाशी आली तरी स्टिअरिंगवरचे तिचे हात सुटेनात. गाळलं तिने. पेला खिडकीशी धरला तिने. लेओबार्दोने ते ओळखलं असावं. "तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "सरबत चांगलं झालं होतं."

"जानेवारीपर्यंत तुझ्या पोटात काय होईल ठाऊक आहे?"

"होईल ते होईल."

"असं म्हणायची तुला मुभा नाही," निकानोरा म्हणाली. आठवडाभर ती यादिराला घेऊन फोनला चिकटून होती. इस्पितळातली माणसं गोड बोलायची, तारीख जानेवारीतच राहायची. शेवटी निकानोराने फोन आपटला. "चुकले मी, कबूल. पण लाल नको एवढे दोन शब्द सांगायला त्यांची जीभ झिजणार होती का? त्यांच्या अर्ध्या रोग्यांच्या घरी ते सरबत असतं. त्यांना कुणी विचारलंच नाही कधी, आम्ही पितो काय ते."

जुलैच्या मध्याला चेरी संपते आणि सफरचंद लाल व्हायला अजून अवकाश असतो. त्या मोकळ्या दिवसांत एका सकाळी निकानोराने जपाच्या बायका गोळा केल्या, दोन पिकअपमध्ये घातल्या आणि लेओबार्दोला म्हणाली, "चल. चांगला शर्ट घाल."

"कुठे?"

"तुझ्या जपाला."

इस्पितळाच्या पुढच्या मोठ्या दालनात, फुलझाडाच्या कुंडीशेजारी, तिने घडीचं टेबल उघडलं. त्यावर पांढरं कापड. त्यावर लेओबार्दोचा फोटो, पुतणीच्या लग्नातला, टोपी घातलेला. पांढरी फुलं. मेणबत्ती पेटवू देणार नाहीत हे ओळखून सेलवर चालणारी आणली होती. मग सगळ्या बायका गुडघ्यांवर बसल्या आणि निकानोराने खड्या आवाजात मृताच्या जपाचा पहिला शब्द उचलला. लेओबार्दो आपल्याच फोटोच्या शेजारी खुर्चीवर, कानापर्यंत लाल.

"निका, मी जिवंत आहे गं."

"बोलू नकोस. मेलेला बोलत नाही."

येणारे जाणारे थांबू लागले. एका गोऱ्या म्हातारीने फोटोसमोर क्षणभर मान लववली, मग लेओबार्दोचा हात हातात घेऊन इंग्रजीत सांत्वन केलं. भाषा कळली नाही तरी चेहरा कळला, तेव्हा त्याने टोपी काढून आभार मानले. काय करणार दुसरं? पहारेकरी आला. त्याने विचारलं, कोण गेलं? यादिराने खुर्चीकडे बोट दाखवलं. पहारेकऱ्याची आजी मेक्सिकोतल्या खालिस्कोची होती. तो गुपचूप गेला आणि गुडघ्यांखाली घ्यायला गाद्या घेऊन आला.

दुपारी व्यवस्थापकबाई उतरल्या. श्रीमती हाल्वर्सन, उंच, केस रुपेरी, आवाज मऊ. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. यादिरा मध्ये उभी राहून दोन्हीकडचं बोलत होती.

"नऊ दिवसांचा जप आहे, बाई," निकानोरा म्हणाली. "माणूस गेल्यावर करतात. तुमच्या तारखेप्रमाणे तो जाणारच आहे, तर म्हटलं आधीच उरकून घ्यावं. हंगाम सुरू झाला की आम्हाला सवड नसते."

यादिराने ते जसंच्या तसं सांगितलं. श्रीमती हाल्वर्सन फोटोकडे बघत राहिल्या, मग खुर्चीकडे, मग परत फोटोकडे.

"मला तुमची अडचण कळते," त्या म्हणाल्या. "पण इथे सगळ्यांना सारखीच रांग आहे."

"सारखी? तुमच्या भाषेत सांगितलेलं ज्याला कळतं, त्याची तारीख वाया जात नाही. माझ्या भावाची गेली. ती परत मिळेपर्यंत आम्ही इथेच. नवव्या दिवशी क्रूस उचलू, त्यासाठी फरशीवर थोडा चुना टाकावा लागेल, तेवढं आत्ताच सांगून ठेवते."

पुढे रोज दोन पिकअप यायच्या. दुसऱ्या दिवशी वाट बघत बसलेले मेक्सिकन रोगी जपात आवाज मिसळू लागले. मग कुणी दालचिनीची कॉफी आणली, कुणी गोड पाव, आणि दालनाला थेट घरचा वास सुटला. लेओबार्दोचं अवघडलेपण दिवसागणिक उतरत गेलं. कुणी सांत्वनाला आलं की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "फार चांगला माणूस होता. छाटणीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता." निकानोरा डोळे वटारायची आणि पुढचा मणी ओढायची.

जपाचा अर्धा वाटा सरल्यावर श्रीमती हाल्वर्सन पुन्हा खाली आल्या. या खेपेला त्या बसून बोलल्या. पुढच्या बुधवारी जागा झाली होती. लेओबार्दोची तपासणी बुधवारी होईल. मात्र टेबल आज उचलायला हवं.

निकानोराचे हात त्या क्षणी जपमाळेवरून सुटले. तिने फोटो उलटा घातला, फुलं गोळा करू लागली. भाऊ वाचत होता, तिला आणखी काय हवं होतं? पण लेओबार्दो हलला नाही.

"ऊठ की," ती म्हणाली.

"थांब जरा. यादिरा, विचार यांना, त्या दुसऱ्या दोघांचं काय?"

"लेओ, आधी तुझं होऊ दे," निकानोरा म्हणाली. "तुझ्या पोटात काय आहे ठाऊक नाही आणि तू इथे पाटीलकी करतोस? ऊठ."

"नाही उठत." त्याने तिच्या हातातला फोटो घेतला आणि परत टेबलावर उभा केला. "कितीतरी दिवस आपल्याच मढ्याशेजारी बसलोय मी, निका. लोकांनी माझ्यासाठी डोळे पुसलेत. आता एकट्यापुरतं घेऊन घरी गेलो तर ते रडलेले माझ्याबद्दल काय म्हणतील? विचार त्यांना."

यादिराने विचारलं. श्रीमती हाल्वर्सन म्हणाल्या, ते एवढ्यात शक्य नाही.

"मग बुधवार तुम्हालाच ठेवा," लेओबार्दो म्हणाला आणि हाताची घडी घातली.

निकानोराने त्याच्याकडे पाहिलं. अख्खं खोरं जिच्यापुढे वाकतं, तिला तिचाच भाऊ तिच्याच युक्तीने धरून बसला होता. घरी न्यायचं तर त्याला उचलूनच न्यावं लागलं असतं, आणि बुधवार समोर ठेवलेला होता, हात लांबवला की मिळणारा. तिने फुलांचा गुच्छ परत टेबलावर ठेवला. मग खाली बसली, गुडघे टेकले, आणि जिथे तुटला होता तिथून जप पुढे उचलला. या वेळी तिचा आवाज इतका मोठा होता की वरच्या मजल्यावरच्या दारांतून डोकी बाहेर आली.

श्रीमती हाल्वर्सन वर गेल्या. संध्याकाळपर्यंत खाली आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा सोबत एक तरुण डॉक्टर होता. तो एक जादा शनिवार काम करायला तयार होता. त्या शनिवारी ते दोघं, आणि बुधवार लेओबार्दोचा तसाच. तारखा घेऊन दोन पिकअप परतल्या. घरी पोचल्यावर निकानोरा भावाला म्हणाली, "तू मेला असतास त्या हट्टापायी."

"आणि तू जप केला असतास."

"नसता केला."

"केला असतास. सवय झालीय तुला माझ्या नावाची."

मंगळवारी त्याने सफरचंदाचा फिका रस प्यायला, कोंबडीचं पिवळं पाणी प्यायलं आणि बुधवारी आत गेला. गुंगी उतरली तेव्हा त्याच्या पायापाशी निकानोरा, उशाशी यादिरा आणि समोर डॉक्टर. आतड्यात एक गाठ होती. वाईट वळणावरची, पण अजून भिंतीतच, बाहेर पसरलेली दिसत नव्हती. आतड्याचा तेवढा तुकडा कापून काढावा लागेल. जानेवारीपर्यंत थांबले असते तर हे असं सांगता आलं नसतं, एवढं म्हणून डॉक्टर थांबला.

निकानोराने पलंगाची दांडी घट्ट धरली. लेओबार्दोचे ओठ अजून जडच होते.

"तर मग कापा," तो म्हणाला. "सफरचंदांचा हंगाम सुरू व्हायच्या आत बरा व्हायला हवा मी. तारीख मात्र आजच सांगा. माझी बहीण ते टेबल गाडीतच घेऊन फिरते."

यादिराने ते भाषांतर करायला तोंड उघडलं, तोच दार ढकलून श्रीमती हाल्वर्सन आत आल्या आणि कुणी काही मागायच्या आतच म्हणाल्या, "पुढचा सोमवार. सकाळी सात."